नॉमिनी आधीच वारला असेल तर विम्याचे पैसे कुणाला मिळतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची एलआयसीची पॉलिसी, नॉमिनी म्हणून फक्त आईचं नाव. आई २०२१ मध्ये वारली, वडिलांनी नाव बदललं नाही, आणि आता वडीलही गेले. मागे एक मुलगा, एक विवाहित मुलगी, आणि आधीच वारलेल्या थोरल्या मुलाची पत्नी व तिचा नऊ वर्षांचा मुलगा. शाखेत सांगितलं, ‘कोर्टाचा दाखला आणा.’ पैसे बुडाले का, कुणाला किती मिळणार आणि दाखला नेमका कोणता?

पैसे बुडत नाहीत. नॉमिनी वारला म्हणून पॉलिसी रद्द होत नाही आणि रक्कम कमी होत नाही. अडचण एवढीच, की पैसे कुणाच्या हातात द्यायचे हे कंपनीला आता पॉलिसीच्या कागदावरून ठरवता येत नाही, वारसा कायदा पाहावा लागतो. अशा वेळी सगळ्यात आधी दोन्ही मृत्यूदाखले शेजारी ठेवून तारखा बघाव्यात. विमाधारक आधी गेला की नॉमिनी, यावर सगळी वाटणी फिरते.

हा विषय विमा कायदा, १९३८ च्या कलम ३९ मध्ये येतो. नॉमिनी, किंवा एकाहून अधिक असतील तर सगळेच नॉमिनी, विमाधारकाच्या आधी वारले तर रक्कम विमाधारकाच्या वारसांना, कायदेशीर प्रतिनिधीला किंवा वारसा प्रमाणपत्र मिळवणाऱ्याला द्यायची, असं पोटकलम ५ सांगतं. पोटकलम ६ प्रमाणे काही नॉमिनी हयात असतील तर रक्कम त्या हयात असलेल्यांना. २०१५ च्या दुरुस्तीने यात मोठी भर पडली. आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुलं यांपैकी कुणी नॉमिनी असेल तर तो नुसता पैसे उचलून देणारा राहत नाही, लाभाचा हक्कदार होतो. आणि असा नॉमिनी विमाधारकाच्या नंतर, पण पैसे हातात येण्याआधी वारला, तर त्याचा वाटा त्याच्या स्वतःच्या वारसांकडे जातो, विमाधारकाच्या वारसांकडे नाही. हे पोटकलम ८.

याचा परिणाम आकड्यांत बघा. ३० लाखांची पॉलिसी, पतीच्या जिवावर. नॉमिनी पत्नी. घरात दोन मुलं आणि पतीची आई. पत्नी आधी वारली आणि पती नंतर, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पतीचे पहिल्या वर्गाचे, म्हणजे सगळ्यात आधी हक्क असलेले, वारस तीन: दोन मुलं आणि आई. प्रत्येकी १० लाख. आता उलटं धरा. पती आधी गेला, क्लेम चालू असताना दोन महिन्यांनी पत्नीही गेली. मग पत्नीचे वारस बघायचे, म्हणजे दोन मुलं, प्रत्येकी १५ लाख. सासूला या रकमेत काहीच नाही. माणसं तीच आणि पॉलिसीही तीच, फक्त तारखा बदलल्या आणि एका म्हातारीचे १० लाख गेले. म्हणून मृत्यूदाखल्यावरची तारीख चुकीची पडली असेल तर क्लेम भरण्याआधी ती दुरुस्त करून घ्या.

भाऊ, पुतण्या, मित्र असे नॉमिनी या हक्कदारांच्या यादीत नाहीत. त्यांनी पैसे उचलले तरी ते वारसांसाठीच. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या सरबती देवी निकालात सगळ्याच नॉमिनींबद्दल हे म्हटलं होतं. २०१५ नंतर जवळच्या नात्यांपुरतं चित्र बदललं. तरीही जवळचा नॉमिनी म्हणजे निर्विवाद मालक असं धरून चालू नये. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, वारसांनी हक्क सांगितला तर दुरुस्तीनंतरही वारसा कायद्याप्रमाणेच वाटणी होईल, असा निकाल दिला आहे.

आता तुमच्या घरचा हिशोब. आई आधी गेली, त्यामुळे वडिलांचे वारस बघायचे. मुलगा, विवाहित मुलगी आणि वारलेल्या मुलाची शाखा, असे तीन समान भाग. हाती येणारी रक्कम १२ लाख धरली तर मुलाला ४, मुलीला ४, आणि थोरल्या सुनेला व नातवाला मिळून ४, म्हणजे प्रत्येकी २ लाख. वडिलांची आई, म्हणजे तुमची आजी, हयात असेल तर ती चौथी वाटेकरी होते आणि भाग तीन-तीन लाखांचे होतात. मुलगी लग्न होऊन गेली, सून आता माहेरी राहते, थोरल्यावर वडिलांनी आधीच खर्च केला होता, यातल्या कशानेही हे भाग हलत नाहीत. वडिलांनी मृत्यूपत्र केलं असेल तर मात्र हलतात, कारण नॉमिनी हयात नसताना रक्कम त्यांच्या मालमत्तेत येते आणि मृत्यूपत्र तिला लागू होतं. तेव्हा कपाट आणि बँकेचा लॉकर आधी नीट बघा.

दाखल्याबद्दल सगळ्यात जास्त हेलपाटे होतात, म्हणून हे जरा सविस्तर. तलाठ्याकडची वारस नोंद सातबारावरच्या जमिनीसाठी असते, विम्याला तिचा उपयोग नाही. तहसील कार्यालयाचा वारस दाखला निवृत्तिवेतन वगैरे कामांना चालतो. विमा कंपनी तो फार तर कुटुंबात कोण कोण आहे याचा पुरावा म्हणून जोडून घेते. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिवाणी न्यायालय वारस म्हणून मान्यता देणारा दाखला देतं, तो या दोन्हींपेक्षा वजनदार. पण कंपनी ज्याला ‘सक्सेशन सर्टिफिकेट’ म्हणते ते भारतीय वारसा कायदा, १९२५ खालचं वारसा प्रमाणपत्र. ते मृत व्यक्तीच्या येणी आणि रोख्यांसाठीच असतं, आणि ते बघून पैसे देणाऱ्याला कलम ३८१ चं पूर्ण संरक्षण मिळतं. उद्या आणखी कुणी वारस उगवला तरी कंपनीला दुसऱ्यांदा पैसे द्यावे लागत नाहीत. कंपनी याच प्रमाणपत्रावर का अडून बसते, याचं कारण हे आहे.

मात्र प्रत्येक वेळी कोर्टात जावंच लागतं असं नाही. रक्कम कंपनीच्या अंतर्गत मर्यादेत असेल, वारसांत वाद नसेल आणि सगळे सज्ञान असतील, तर एलआयसीसह बहुतेक कंपन्या वारसा प्रमाणपत्राची अट शिथिल करतात. त्याऐवजी सर्व वारसांचं प्रतिज्ञापत्र, क्षतिपूर्ती बंध (पुढे कंपनीचं नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी) आणि एक-दोन जामीनदार घेतात. शाखेत नुसतं ‘दाखला लागेल का’ असं विचारू नका. ‘वारसा पुराव्याची अट शिथिल करण्यासाठी अर्ज करायचा आहे, त्याचा नमुना द्या’ असा लेखी अर्ज देऊन पोच घ्या. खिडकीवरच्या माणसाच्या हातात तो अधिकार नसतो. रकमेनुसार तो शाखा, विभागीय किंवा त्यावरच्या कार्यालयाकडे असतो, आणि लेखी अर्जाशिवाय प्रकरण तिथवर जात नाही.

तुमच्या प्रकरणात अडकणार आहे तो नऊ वर्षांचा नातू. अज्ञान वारस संमतीपत्रावर सही करू शकत नाही, आणि त्याच्या वतीने त्याचा वाटा सोडून देणंही आईला कोर्टाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. त्यामुळे अज्ञान वारस असला की कंपनी शिथिलतेचा अर्ज बहुधा नाकारते. तुम्ही थेट वारसा प्रमाणपत्राच्या तयारीला लागलात तर वेळ वाचेल. मुलाचा वाटा तो १८ वर्षांचा होईपर्यंत त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवावा, असा आदेश अशा वेळी कोर्ट सहसा देतं, आणि ते मुलाच्या भल्याचंच आहे.

वडील शेवटी जिथे राहत होते त्या भागातल्या दिवाणी न्यायालयात अर्ज करायचा. सगळे वारस अर्जात दाखवावे लागतात. नोटीस निघते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, हरकतीची मुदत जाते, अर्जदाराचा जबाब होतो, मग आदेश. कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात असते आणि कोर्ट जामीन किंवा बंधपत्रही मागतं. हरकत कुणाचीच नसली तरी काही महिने धरावे लागतात. या अर्जात तीन चुका हमखास होतात.

पहिली, फक्त विमा रक्कम लिहिणं. बोनस असलेल्या पॉलिसीत हाती येणारी रक्कम विमा रकमेपेक्षा बरीच जास्त असते. अर्जात १० लाख लिहिले आणि बोनस धरून देणं १६ लाख निघालं, तर वरच्या ६ लाखांना प्रमाणपत्र लागू पडत नाही. मग कलम ३७६ खाली व्याप्ती वाढवून घ्यायला पुन्हा कोर्टाची पायरी. म्हणून आधी शाखेकडून मूळ विमा रक्कम, जमा बोनस, अंतिम बोनस आणि वजा होणारं कर्ज व व्याज अशी फोड असलेलं पत्र घ्या आणि तेच अर्जाला जोडा. दुसरी चूक, एकाच पॉलिसीसाठी अर्ज करणं. वडिलांच्या मुदत ठेवी, शेअर, दुसऱ्या कंपनीची एखादी विसरलेली पॉलिसी, जिथे जिथे नॉमिनी नाही किंवा वारलेला आहे, ते सगळं एकाच अर्जात घाला. तिसरी, नावातला फरक. पॉलिसीवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, मृत्यूदाखल्यावर तिसरं. अर्जात ‘उर्फ’ लावून सगळी रूपं लिहा, म्हणजे आदेशातही ती येतात.

कंपनीकडे द्यायची कागदपत्रं: मूळ पॉलिसी बाँड, वडिलांचा मृत्यूदाखला, आईचा मृत्यूदाखला, दावेदाराचं निवेदन (एलआयसीत हा ‘अ’ नमुना, क्रमांक ३७८३), डिस्चार्ज फॉर्म ३८०१, प्रत्येक वारसाचं ओळखपत्र व पॅन, रद्द केलेला धनादेश, आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. मुद्रांकाची एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा कागदांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, जुना मुद्रांक वापरून केलेला बंध परत येतो. परदेशातल्या वारसाची सही तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावी, किंवा तिथल्या नोटरीपुढे करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा तिथल्या सरकारचा शिक्का, घ्यावा. कुरिअरने आलेल्या साध्या सहीच्या कागदावर काम होत नाही.

या यादीत नॉमिनीचाच मृत्यूदाखला बऱ्याच घरांत सापडत नाही. गावी वारलेल्या आजीची, आईची नोंद कुणी केलेलीच नसते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत फुकट होते, एक वर्षापर्यंत विलंब शुल्क आणि वरिष्ठ निबंधकाची परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. आधी ग्रामपंचायतीकडून नोंद नसल्याचं पत्र घ्यायचं, मग स्मशानभूमीची पावती किंवा दवाखान्याचा कागद, पोलीस पाटलाचा दाखला आणि दोन शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडून अर्ज करायचा. नॉमिनी वारला हे कागदावर सिद्ध होईपर्यंत कंपनीच्या लेखी तो हयातच असतो, आणि वारसांचा दावा पुढे सरकत नाही.

संमतीपत्राबद्दल बहिणींना एक कळकळीची सूचना. ‘रक्कम भावाच्या खात्यात जमा करण्यास हरकत नाही’ आणि ‘माझा हक्क सोडत आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात भाऊ फक्त सगळ्यांच्या वतीने पैसे घेतो, तुमचा वाटा तुमचाच राहतो. दुसऱ्यात तो गेला. सहीसाठी आलेला कागद पूर्ण वाचा, आणि प्रत्येकाचा वाटा थेट ज्याच्या त्याच्या खात्यात द्या अशी मागणी करा. कंपनीला ते करता येतं, आणि घरातला कलह तिथेच टळतो.

वाचणाऱ्यांच्या घरात वेगळी स्थिती असेल, म्हणून थोडं पुढे.

अविवाहित मुलाने वडिलांना नॉमिनी केलं आणि वडील आधी वारले, तर हिंदू कायद्याने एकटी आई वारस. भावंडांना काही नाही. आईचं नाव असेल, ती आधी गेली आणि वडील हयात असतील, तर वडील दुसऱ्या वर्गातले असले तरी त्या वर्गात पहिले, म्हणून त्यांना.

मूलबाळ नसलेल्या विधवेच्या पॉलिसीत वारलेल्या पतीचंच नाव राहिलं असेल, तर काय होतं ते फार जणींना माहीत नसतं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, मुलं आणि पती नसतील तर तिचे पैसे आधी पतीच्या वारसांकडे जातात. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर. तिने स्वतःच्या पगारातून हप्ते भरले तरी हेच. दिराने वर्षानुवर्षं विचारपूस केलेली नसते आणि ज्या आईने सांभाळलं तिला छदाम मिळत नाही. आईचं किंवा वडिलांचं नाव नॉमिनी म्हणून नोंदवलं तर हे बहुधा टळतं, कारण ते हक्कदार नॉमिनी ठरतात. भावाचं किंवा बहिणीचं नाव घालायचं असेल तर तेवढं पुरत नाही, सोबत मृत्यूपत्रही हवं.

अपघातात पती-पत्नी दोघं गेले आणि आधी कोण गेलं हे कळत नसेल, तर हिंदू वारसा कायद्याचं कलम २१ वयाने लहान असलेली व्यक्ती नंतर गेली असं धरतं, उलट पुरावा येईपर्यंत. दवाखान्याच्या नोंदीत वेळा लिहिलेल्या असतील तर तो पुरावा ठरतो, त्या कागदांची प्रत जपून ठेवा.

दोन नॉमिनींपैकी एक वारला तर रक्कम हयात असलेल्याला द्यायची, हे कायद्यात आहे. पण ५०-५० टक्के अशी वाटणी नोंदवलेली असेल तर वारलेल्याच्या अर्ध्या भागाबद्दल कंपनी वारसांची हरकत नसल्याचं पत्र मागू शकते. नॉमिनी अज्ञान आणि त्याच्या वतीने पैसे घेण्यासाठी नेमलेली व्यक्ती वारलेली, असंही घडतं. नामांकन तेव्हाही शाबूत असतं, पण पैसे घ्यायला पालकत्वाचे कागद लागतात. मुलाच्या जिवावर काढलेल्या पॉलिसीत तो १८ चा झाल्यावर नामांकन आपोआप होत नाही, त्याने स्वतः करावं लागतं. ही जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते.

विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, १८७४ खाली काढलेली पॉलिसी असेल तर वरचं कलम ३९ लागूच नाही. तिथे नॉमिनी नसतात, लाभार्थी असतात आणि पॉलिसी हा त्यांचा न्यास (ट्रस्ट) असतो. लाभार्थी वारला तर काय, हे प्रस्तावासोबतच्या पुरवणीत ‘हयात असलेल्यांना’ असे शब्द आहेत की ठरलेले हिस्से आहेत, यावर ठरतं. ती पुरवणी शोधा. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांत वारस त्यांच्या कायद्याने ठरतात. गोव्यात २०१२ चा उत्तराधिकार कायदा आहे, तिथे नोटरीपुढे वारसांचा दस्त होतो आणि वाद असेल तर कोर्टात मालमत्तेची यादी करून वाटणी करणारी इन्व्हेंटरी प्रक्रिया. शिवाय पतीपत्नीची मालमत्ता बहुधा समाईक धरली जाते.

गृहकर्जासाठी बँकेला लिहून दिलेल्या पॉलिसीत २०१५ पासून नामांकन रद्द होत नाही. बँक आपलं येणं घेते, उरलेलं नॉमिनीला आणि तो नसेल तर वारसांना. बँक खात्यातून हप्ता कापला जाणाऱ्या पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेचे २ लाख बँकेच्या फॉर्मवरच्या नॉमिनीला मिळतात, तो नसेल तर कायदेशीर वारसांना. भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या विम्यात, जो कमाल ७ लाखांचा आहे, नियम निराळे: वैध नामांकन नसेल तर कुटुंबीयांत समान वाटणी होते, पण सज्ञान मुलगा आणि पती हयात असलेली विवाहित मुलगी त्यात धरले जात नाहीत.

ज्यांचा विमाधारक हयात आहे त्यांनी हे सगळं टाळावं. नॉमिनी वारल्यावर नाव बदलायला एलआयसीत ३७५० क्रमांकाचा नमुना, मूळ बाँड आणि नव्या नॉमिनीचं ओळखपत्र पुरतं. खासगी कंपन्यांत पोर्टलवरून होतं. एजंटाला तोंडी सांगणं म्हणजे बदल नव्हे. कंपनीला लेखी सूचना पोचल्याशिवाय बदल धरला जात नाही, आणि नोंदणीची लेखी पोच देणं कंपनीवर बंधनकारक आहे. ती पोच बाँडला टाचून ठेवा. एकच नाव घालण्यापेक्षा दोन घाला, किंवा ‘अमुक, ती नसल्यास तमुक’ असं क्रमवार नामांकन चालतं का ते विचारा. पेन्शन योजनेत मूळ रक्कम परत मिळण्यासाठी दिलेलं नावही याच फेरीत तपासा. तिथे बहुतेकदा वयस्कर जोडीदाराचंच नाव असतं.

कागद पूर्ण झाले की चौकशीची गरज नसलेला मृत्यूदावा १५ दिवसांत आणि चौकशी लागणारा ४५ दिवसांत निकाली काढायचा असतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’वर २ टक्के अधिक व्याज मिळतं. कंपनी दाद देत नसेल तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा आणि विमा नियामकाच्या ‘विमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर नोंदवा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, ५० लाखांपर्यंत, विनाशुल्क. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. पण खरा वारस कोण, हा घरातला वाद लोकपाल ऐकत नाही, तो दिवाणी न्यायालयातच सुटतो. आणि कुणी दावाच केला नाही, तरी पैसे कंपनीकडे दावा न केलेली रक्कम म्हणून राहतात, दहा वर्षांनी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होतात, आणि त्यानंतरही २५ वर्षं वारसांना मागता येतात. हजार रुपयांच्या वरच्या अशा रकमा प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर नाव आणि जन्मतारीख किंवा पॉलिसी क्रमांक घालून शोधता येतात. वडिलांच्या आणि आईच्या, दोघांच्याही नावाने एकदा शोधून बघा.